अवधाण कशाचं?

शनिवारची सकाळ मला आवडते. लॅबमध्ये फोन कमी वाजतात, एचएसआर लेआउटमधली गर्दी तासभर उशिरा जागी होते आणि माझ्या टेबलावर फिल्टर कॉफीचा पेला, स्लाइड्सचा ट्रे आणि मायक्रोस्कोप एवढंच असतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे रुग्णाला बहुतेक वेळा न बघताच त्याच्या आजाराचं नाव सांगणारा डॉक्टर. सर्जन गाठीचा तुकडा काढतो, तो आमच्याकडे येतो, आम्ही त्याचे केसाहून पातळ काप काढतो, रंगवतो आणि बघतो. माझ्या स्वभावाला हे काम मानवलं. माणसांशी फारसं बोलावं लागत नाही.

चोपन्न वर्षांचा झालो. बायको म्हणते, तुमच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे सुईनं काटा काढायचा. खोटं नाही ते. पण एक गोष्ट सहा वर्षं मी तिलाही सांगितली नव्हती. एका आईनं मला एक प्रश्न विचारला होता. मला तो कळला होता आणि मी तो न कळल्यासारखं केलं होतं. तिच्या मुलीचं निदान त्या प्रश्नातच होतं. गेल्या महिन्यात हे मी त्या दोघींना सांगून टाकलं, तेही एका लाकडी स्टुलावर उभं राहून, पँटच्या पायाला टाचण्या लावलेल्या असताना. तेव्हापासून कॉफीची चवसुद्धा जास्त चांगली लागते आहे, म्हणून म्हटलं लिहूनही टाकावं.

आधी आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आम्ही इथलेच, या कन्नड शहरातले. चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर आमचे लोक या बाजूला आले, असं घरात सांगतात. लढायला नव्हे, कपडे आणि तंबू शिवायला. आम्ही शिंपी. आमची मराठी घरातच मुरली आणि मुरता मुरता तिच्यात कन्नड उतरलं. आम्ही आमटीला हुळी म्हणतो, थोडंला स्वल्प म्हणतो, बरं म्हणायचं असलं की सरी म्हणतो. मोठ्या भावाच्या वयाचा कुणीही अण्णा, मोठ्या बहिणीच्या वयाची कुणीही अक्का. माझे वडील चिकपेटच्या एका गल्लीत सदरे शिवायचे. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं पडलेला घट्टा होता, सुपारीएवढा आणि तसाच कडक. लहानपणी मी तो दाबून बघायचो. आमच्यात तो घट्टा मानाचा. पोराच्या हाताला घट्टा आला की म्हणायचे, याच्या हाताला कात्री बसली. माझ्या हाताला ती कधी बसली नाही, मी डॉक्टर झालो.

आणि डॉक्टर झाल्यावर मी हे सगळं झाकून ठेवलं. कुणी विचारलंच तर सांगायचो, वडिलांचं कापडाचं काम होतं. ऐकणाऱ्याला वाटायचं, मोठं दुकान असेल. आमच्या लॅबमध्ये पुण्याहून एक डॉक्टर आल्या, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, हुशार, बोलक्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही मराठी ना? मग बोला की मराठीत!" मी दोन वाक्यं बोललो. त्या इतक्या मनापासून हसल्या. "आई शप्पथ, सर, किती गोड! तुम्ही 'येतो की' असं गाऊन म्हणता." वाईट काहीच नव्हतं त्यात. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर मराठी बोललो नाही. इंग्रजी बरी. इंग्रजीत मी कुठलाच नसतो.

आता तो दिवस. बायोप्सीचा तुकडा पुष्कळदा नातेवाईकच घेऊन येतात. सर्जन फॉर्मलीनच्या डबीत तुकडा घालून देतो आणि घरचं माणूस ती डबी पिशवीतून लॅबमध्ये आणतं. त्या दुपारी मी काउंटरपाशी उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो. आई म्हणजे माझी, तेव्हा ऐंशीला टेकलेली. मी म्हणत होतो, "आई, हुळी स्वल्प ठेव मला, उशीर होईल." फोन ठेवला तर समोर एक बाई उभ्या. माझ्याच वयाच्या, सुती साडी, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिलेली. जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून त्यांनी डबी काढली, जपून, जणू आतलं सांडेल.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "स्वल्प ऐका की. तुम्ही आमच्यातले दिसता."

मी फॉर्म बघितला. मुलगी एकोणीस वर्षांची. उजव्या काखेत गाठ, दोन महिने, वाढते आहे. खाली सर्जननं लिहिलेलं: लिम्फोमा असावा का? लिम्फोमा म्हणजे लसीकाग्रंथींमध्ये सुरू होणारा रक्तपेशींचा कॅन्सर.

"पोरीच्या काखेत अवधाण आलंय," बाई म्हणाल्या. "तिच्या हाताला कात्रीचा घट्टा आहे, इथे, अंगठ्याखाली. वर्षभरात मोठा झाला. त्याचंच हे अवधाण असेल का हो अण्णा? सर्जननी हात बघितलाच नाही."

अवधाण हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, हाताला झाली की काखेत. त्या गाठीला आमच्यात अवधाण म्हणतात. मला शब्द लख्ख कळला. प्रश्नही कळला. आणि तेवढ्यात पुण्याच्या डॉक्टर कॉफी घेऊन आतून बाहेर आल्या.

मी इंग्रजीत म्हणालो, "मॅडम, प्लीज लीव्ह द सॅम्पल ॲट द काउंटर. रिपोर्ट इन फाइव्ह डेज."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरी." डबी ठेवली आणि गेल्या.

"सर, काय म्हणत होत्या त्या?" डॉक्टरांनी विचारलं. "अवधान? अवधान म्हणजे लक्ष ना? लक्ष द्या असं म्हणायचंय का त्यांना?"

"काय माहीत," मी म्हणालो. "इथले लोक काहीतरी मिसळून बोलतात."

इथले लोक. मी, ज्याचा खापरपणजोबाही याच शहरात मेला, तो मी हे म्हणालो.

स्लाइड्स आल्या. लहान, गोल, गडद निळ्या पेशी, मोहरीचा डबा लवंडल्यासारख्या पसरलेल्या. असं चित्र दिसलं की आमच्यासमोर पाच-सहा नावं उभी राहतात आणि ती सगळी एकमेकांसारखी दिसतात. त्यात लिम्फोमा सर्वांत पुढे, कारण तो जास्त आढळतो. पण स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींमधून उगवणारे काही दुर्मीळ कॅन्सरही हुबेहूब हेच सोंग घेतात. पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सुट्या सुट्या होतात, रक्तपेशींसारख्या. लसीकाग्रंथीत जाऊन बसतात आणि म्हणतात, आम्ही इथल्याच. नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, म्हणून आम्ही विशेष रंग लावतो. प्रत्येक रंग पेशीची एक खूण शोधतो. सापडली तर पेशी तपकिरी होते.

रक्तपेशींची जी खूण असते, ती या पेशींमध्ये सापडली नाही. शेजारच्या साध्या रक्तपेशी मात्र झक्क तपकिरी झाल्या होत्या. म्हणजे रंगात खोट नव्हती. मी स्वतःला म्हणालो, अगदी कोवळ्या लिम्फोमात कधी कधी ही खूण नसते. हे खरं आहे, पुस्तकात आहे. दुसरी एक खूण सापडली, ती कोवळ्या लिम्फोमात दिसते. ती आणखीही काही गाठींत दिसते, हे मला पाठ होतं. एका कोपऱ्यात पेशींच्या मधून बारीक पडदे गेले होते आणि पेशी त्यांना लोंबकळत होत्या. मी ठरवलं, काप करताना ऊतक आकसलं असेल.

स्नायूची खूण शोधणारा रंग कपाटात होता. तो मी मागवला नाही. का मागवावा? काखेतल्या लसीकाग्रंथीत स्नायू कुठून येणार? त्यासाठी आधी कुणीतरी सांगायला हवं होतं की हातातही एक गाठ आहे. फॉर्मवर ते नव्हतं.

इतकी वर्षं मी स्वतःला इथपर्यंतच नेत होतो. फॉर्मवर नव्हतं. आणि इथे थांबत होतो.

कॅन्सरचे डॉक्टर रोज फोन करत होते. गाठ वाढत होती आणि त्यांना उपचार सुरू करायचे होते. मी लिहून दिलं, लिम्फोमाकडे कल. त्यांनी औषधं सुरू केली.

तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. चालताना लंगडत होती. विचारलं तर म्हणाली, "जांघेत अवधाण आलंय."

"कशाचं?" मी विचारलं.

"नख रुतलंय अंगठ्याला, त्याचं. कशाचं काय विचारतोस, डॉक्टर ना तू?"

मी तिचा पाय हातात घेतला. अंगठा लाल झाला होता, नखाच्या कडेला पू होता. मी तो पाय तसाच धरून बसलो. तोंडातून आपोआप निघालं होतं, कशाचं? या शब्दामागे हा प्रश्न येतोच. अवधाण एकटं येत नाही, ते कशाचं तरी असतं. जिथे दिसतं तिथे दुखणं नसतं. दुखणं खाली कुठेतरी असतं आणि तिकडे बघ असं सांगायला हे वर आलेलं असतं. एवढं सगळं त्या एका शब्दात आमच्या बायकांनी भरून ठेवलं होतं आणि ती बाई तो मला हातात देऊन गेली होती.

"काय झालं रे?" आई म्हणाली. "पाय सोड की. गुदगुल्या होतात."

सोमवारी लॅब उघडण्याच्या आधी मी पायऱ्यांवर उभा होतो. त्याच ब्लॉकमधून नवे काप काढले. मेणाच्या चौकोनी तुकड्यात ऊतक बसवून ठेवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो वर्षानुवर्षं जपून ठेवलेला असतो. स्नायूचे दोन रंग लावले. दुसऱ्या दिवशी स्लाइड टेबलावर ठेवली आणि लेन्समधून बघितलं. सगळी केंद्रकं तपकिरी. एकूण एक. रक्ताचा कॅन्सर नव्हताच तो. हातातल्या स्नायूच्या पेशींचा सार्कोमा होता, म्हणजे मऊ ऊतींतला दुर्मीळ कॅन्सर, तिथून तो काखेत चढला होता. जनुकांची तपासणी बाहेर पाठवली, तिनंही तेच सांगितलं.

मी कॅन्सरच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. म्हणालो, मुलीचा उजवा हात बघा, अंगठ्याखाली. त्यांनी बघितला. घट्टा नव्हता तो. वर कात्रीनं कातडी निबर झाली होती आणि तिच्या आड गाठ वाढत होती. उपचार बदलले. नशीब एवढंच की पहिल्या उपचारातली दोन औषधं दोन्ही आजारांवर चालणारी होती, त्यामुळे ते तीन आठवडे पूर्ण वाया गेले नाहीत. पुढे शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं, वर्षभर औषधं चालली. मुलगी वाचली. आज ती पंचवीस वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे.

"तुम्हाला सुचलं कसं?" कॅन्सरच्या डॉक्टरांनी त्या वेळी विचारलं होतं.

"रंग जुळत नव्हते," मी म्हणालो. "म्हणून पुन्हा बघितलं."

तेवढंच. आणि गंमत अशी की माझं कौतुक झालं. स्वतःचं निदान स्वतः खोडणारा माणूस, किती प्रामाणिक. पुण्याच्या डॉक्टरांनी चारचौघांत सांगितलं, सरांकडून शिकण्यासारखं आहे. मला व्याख्यानाला बोलावलं: रक्ताच्या कॅन्सरचं सोंग घेणाऱ्या मऊ ऊतींच्या दुर्मीळ गाठी. मी स्लाइड्स दाखवल्या. 'हात तपासायला विसरू नका' असं शेवटी मोठ्या अक्षरांत दाखवलं. टाळ्या पडल्या. त्या सबंध व्याख्यानात डब्याची पिशवी घेऊन आलेली बाई कुठेच नव्हती.

दोन वर्षांनी त्या बाई लॅबमध्ये आल्या. मी काचेतून बघितलं. हातात स्टीलचा डबा होता. काउंटरवर म्हणत होत्या, ज्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलं त्यांना द्यायचंय. मी सरळ मागच्या खोलीत गेलो, जिथे आम्ही ऊतकं कापतो, आणि हातमोजे चढवून उभा राहिलो. कापायला काही नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी डबा घेतला. आत ओबट्टू होते, म्हणजे आमच्या पुरणपोळ्या, तुरीच्या डाळीच्या. "सर, ही तुमची," म्हणून त्यांनी एक आणून दिली. मी ती खाल्ली. चांगली झाली होती, हेही सांगून टाकतो. शरमेनं घास घशात अडकतो वगैरे म्हणतात, तसं काही झालं नाही. दुसरीही खाल्ली असती.

त्या मायलेकींचं कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान होतं, कोरमंगलाकडे जाणाऱ्या एका गल्लीत. आजूबाजूला पीजी, आयटीतली पोरं, त्यामुळे काम भरपूर. फॉर्मवर त्यांनी दुकानाचाच पत्ता दिला होता आणि ते माझ्या घरी जायच्या वाटेवर पडायचं. सहा वर्षं मी एक सिग्नल पुढे जाऊन वळायचो. ऑटोवाले वैतागायचे. "सर, हे तर लांबून आहे," म्हणायचे. मी म्हणायचो, "असू दे, इकडूनच घ्या."

मग गेल्या महिन्यात माझ्या पँटी सैल झाल्या. साखर निघाली होती म्हणून रोज चालायला लागलो आणि कमरेतून दोन इंच गेले. बायको माझ्या तीन पँटी घेऊन गेली आणि तशाच परत घेऊन आली.

"ती मुलगी म्हणते, पँट नको, माणूस पाठवा. मापाशिवाय हात लावणार नाही म्हणाली."

"कुठली मुलगी?"

"त्या गल्लीतली. छान आहेत दोघी, आपल्यातल्याच. तिची आई तर मला अक्का अक्का करत होती. आणि तुम्ही ऐकताय का, उद्याच जा. पँट धरून चालता, लोक बघतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी पिशवी घेऊन गेलो. दहा बाय दहाचं दुकान. दारापाशी शिवणयंत्र, त्यावर आई. आत लांब टेबलावर मुलगी कापड कापत होती. मी आधी तिचा हात बघितला, चेहरा नंतर. अंगठ्याच्या मुळाशी जिथे उंचवटा असतो तिथे खळगा होता. कात्रीची एक कडी वाकवून मोठी करून घेतलेली होती आणि ती तिनं बोटांनी पेलली होती. कात्री सरळ चालली होती.

"या अण्णा," आई यंत्र न थांबवता म्हणाल्या. "सापडली का वाट?"

मी म्हणालो, "ओळखलंत?"

"सुईत दोरा घालायला चष्मा लागतो मला. माणसाला नाही लागत."

मुलीनं मला स्टुलावर उभं केलं. पँट बदलून आलो होतो, सैल कंबर हातानं धरून. ती खाली बसली, ओठांत चार-पाच टाचण्या धरल्या आणि पायाची दुमड लावायला लागली. स्टुलावर उभं राहिलेला माणूस काही फार रुबाबदार दिसत नाही. समोर आरसा होता. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अक्का," मी मराठीत म्हणालो, आमच्या मराठीत, "सहा वर्षांपूर्वी तुम्ही डबी घेऊन आला होता. काउंटरपाशी मला विचारलं होतं, हे हाताच्या घट्ट्याचं अवधाण असेल का. मला कळलं होतं. सगळं कळलं होतं. आमची पुण्याची डॉक्टर मागे उभी होती, तिच्यासमोर मला तुमच्यातला व्हायचं नव्हतं. म्हणून मी इंग्रजीत बोललो. मी तेव्हाच हात बघायला सांगितला असता तर पहिलं निदान चुकलं नसतं. नंतर जे सापडलं तेही माझ्या हुशारीनं नाही. माझ्या आईच्या तोंडी तुमचाच शब्द आला, तेव्हा मला सुचलं. मी कुणालाही हे सांगितलं नाही. कौतुक घेतलं. तुमचा ओबट्टूही खाल्ला."

यंत्र थांबलं.

मुलीच्या तोंडात टाचण्या होत्या, तिला बोलता येईना. तिनं वर बघितलं. मग एकेक टाचणी ओठांतून काढून मनगटावरच्या गादीला टोचली. शेवटची टोचून झाल्यावर तिनं विचारलं, "किती दिवस गेले?"

"तीन आठवडे."

"त्यानं फरक पडला?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "बहुतेक फार नाही. दोन औषधं तीच होती. पण खात्रीनं मी सांगू शकत नाही. आणि कुणीही सांगू शकणार नाही."

तिनं गादीतली एक टाचणी उपसून पुन्हा हातात घेतली. मी आईंकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्याची तयारी करून मी आलो होतो. त्या मात्र माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"म्हणजे मी बोलले होते," त्या हळूच म्हणाल्या. "बोलले होते ना हो मी, अण्णा?"

"बोलला होता."

"हातात घट्टा आहे असं सांगितलं होतं? नीट सांगितलं होतं?"

"अंगठ्याखाली, वर्षभरात मोठा झाला, सर्जननी बघितलाच नाही. एवढं सगळं सांगितलं होतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला स्वप्नातही सुचलं नसतं. मी तसा बोलल्यावर त्यांनी तो प्रश्न पुन्हा कुणालाही विचारला नाही. फोनवर मराठी बोलणारा डॉक्टर कळून न कळल्यासारखं करतो, म्हणजे प्रश्नच खुळचट असणार, असं त्यांना वाटलं. कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे त्या गप्प राहिल्या. आणि हातातली गाठ सापडल्यावर त्याच डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, आई असून तुम्ही इतके दिवस हे सांगितलं कसं नाही? त्यावर त्या म्हणाल्या, मी लॅबमध्ये सांगितलं होतं. घरात कुणाचा विश्वास बसला नाही. घट्टा आला म्हणून पोरीचं कौतुक करणारी हीच, हाताला कात्री बसली म्हणून शेजारणींना दाखवणारी हीच; ती कसली सांगते? नवरा बोलला, नणंद बोलली. शेवटी मुलगीही एकदा बोलली. पुढेपुढे त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली. कदाचित सांगितलंच नसेल. नुसतं मनात म्हटलं असेल.

"तो डबा घेऊन आले होते ना," त्या म्हणाल्या, "ओबट्टूचा, तो काय नुसता द्यायला आले होते? तुम्हाला विचारायला आले होते, मी बोलले होते का म्हणून. तुम्ही आत गेलात. काचेतून दिसलात मला."

मी इतकी वर्षं तीन आठवड्यांचा हिशेब घेऊन बसलो होतो. त्यांच्या या सहा वर्षांची मला खबरच नव्हती.

"चुकलो अक्का," मी म्हणालो.

"चुकलात," त्या म्हणाल्या. "चांगलंच चुकलात." मग त्या यंत्रावरून उठल्या, टेबलाला वळसा घालून मुलीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. "ऐकलंस?"

"ऐकलं, अम्मा."

"काय ऐकलंस?"

"तू सांगितलं होतंस."

"आणखी एकदा म्हण."

"अम्मा, गिऱ्हाईक आहे."

"असू दे. गिऱ्हाईकानंच सांगितलंय. तुझ्या अप्पांना फोन लाव. आत्ता लाव. आणि अत्तेला पण."

मुलगी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिनं ते दंडाला पुसले, कारण हातात पुन्हा टाचणी होती. आईंनी तिच्या डोक्यावर एक चापट मारली, हलकीच, आणि हात तिथेच राहू दिला. मी पँट धरून स्टुलावर उभा होतो. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं आणि मला ते फार बरं वाटत होतं.

फोन लागला. आईंनी तो माझ्या हातात दिला. "बोला. आपल्या भाषेत बोला. ते त्यांच्या दुकानात आहेत, मोठ्यानं बोला."

मी एका हातानं कंबर धरली, दुसऱ्या हातानं फोन, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडे त्यांनी कुणाला तरी गिऱ्हाईक सांभाळायला सांगितलं. मग ते म्हणाले, "सरी. तिला द्या."

मी फोन दिला. त्या तो घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसल्या, आमच्याकडे पाठ करून.

मुलगी परत खाली वाकली. मला बघायचं होतं पायरीकडे, मी मान वळवली, तशी पँट सरकली.

"डॉक्टर अण्णा," ती टाचण्यांमधून म्हणाली, "हलू नका. आधीच तुमच्यामुळे पुष्कळ उशीर झालाय."